चहा नोंदीत नव्हता

रेल्वेच्या मालधक्क्यावर क्रेनची साखळी तुटली त्या दिवसापासून कुन्सुलू आपाच्या हृदयाचा ठोका चुकू लागला, असे आमच्या घराण्यात सगळे सांगतात. वीस टनांचा कंटेनर हातभर उंचीवरून खाली आदळला. इजा कोणालाच झाली नाही. पण बारा मीटर उंचीवरच्या केबिनमध्ये बसलेल्या आपाचे काळीज उडाले आणि ते पुन्हा जागेवर नीट बसलेच नाही. लग्नात, चाळिसाव्याच्या जेवणात, ईदेला, जिथे चार बायका जमतील तिथे ही हकीकत सांगितली जाते, आणि दर वेळी कंटेनर थोडा अधिक उंचीवरून पडतो.

मी किझिलोर्दा शहराच्या अभिलेखागारात नोकरी करते. आपा माझ्या थोरल्या काकांची बायको. पण घरातली सगळी लहान माणसे तिला आपाच म्हणतात. तिने आपले जुने कागद माझ्या हवाली केले तेव्हा मी पहिल्यांदा तारखा तपासल्या. धक्क्याच्या अपघातवहीत साखळी तुटल्याची तारीख २३ नोव्हेंबर २००४ आहे. दवाखान्याच्या पुस्तिकेत ‘छातीत फडफड, ठोका चुकल्यासारखे वाटते’ ही पहिली तक्रार १४ ऑक्टोबर २००४ रोजी नोंदलेली आहे. म्हणजे भीती बसण्याच्या चाळीस दिवस आधीच काळीज उडाले होते. मी हे आपाला दाखवले. तिने दोन्ही कागद चष्मा लावून वाचले आणि परत माझ्या हातात दिले.

“तारीख तुझी खरी असेल, पोरी. पण साखळी माझी होती.”

तिचे कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होते. आमच्याकडे दवाखान्याची पुस्तिका रुग्ण स्वतःच्या घरी ठेवतो. एक भरली की दुसरी शिवायची. अशा चार पुस्तिका त्यात होत्या, एकोणीस वर्षांच्या, अकरा वेगवेगळ्या डॉक्टरांच्या अक्षरांतल्या. त्यांच्याखाली रुमालात गुंडाळलेले शिशाचे तीन तुकडे होते. साखळी तुटल्यानंतर तिच्या सासूने उल्बिके नावाच्या म्हातारीला बोलावले होते. म्हातारीने आपाला खाली बसवून डोक्यावर चादर धरली, चादरीवर थंड पाण्याचे भांडे धरवले आणि पळीत वितळवलेले शिसे त्यात ओतले. पाण्यात शिसे ज्या आकाराचे गोठते, ती भीती. पहिल्या तुकड्यात सासूला उंट दिसला, झोल्दास आगांना, म्हणजे माझ्या काकांना, साखळीची कडी दिसली. आपाला काहीच दिसले नाही. पण त्या आठवड्यात तिला शांत झोप लागली, हे ती कबूल करते. पुढल्या आठवड्यात ठोके पुन्हा चुकू लागले. तेव्हा दुसरा तुकडा, मग तिसरा.

डॉक्टरांनी शिसे ओतले नाही, एवढाच फरक. कोणी ‘मज्जातंतूंचा अशक्तपणा’ लिहिले, कोणी ‘स्त्रियांच्या वयाचा परिणाम’, कोणी उग्र वासाचे थेंब दिले. ते साखरेवर घेतले की घरभर वास राहायचा आणि आज आपाचा दिवस वाईट आहे हे शेजारपाजाऱ्यांनाही कळायचे. प्रत्येक तपासणीच्या आरंभी मात्र तेच तीन प्रश्न छापलेले होते आणि त्यांपुढे तीच तीन उत्तरे. धूम्रपान: नाही. मद्य: नाही. कॉफी: नाही. एकोणीस वर्षे, अकरा हस्ताक्षरे, एकही विसंगती नाही. साऱ्या डब्यात या तीन ओळी सर्वांत विश्वासार्ह आहेत, असे मी माझ्या टिपणात लिहून ठेवले. ते टिपण अजून माझ्याकडे आहे. मी ते फाडलेले नाही.

तिला नेमके काय होते, हे एकाही पुस्तिकेत धड लिहिलेले नाही. मी विचारले तेव्हा तिने दोन्ही हातांनी करून दाखवले. कंटेनर जमिनीला टेकायच्या बेतात असतो तेव्हा दोर एकदम सैल पडतो, क्षणभर हाताला काहीच लागत नाही; आणि मग पुढच्या कंटेनरचे ओझे धाडकन खांद्यात येते. तसे. एक ठोका घाईने येऊन जातो, मग पोकळी, मग छातीवर आतून थाप. कधी दिवसभरात दोनतीन वेळा, कधी तासन्‌तास दर पाचव्या-सहाव्या ठोक्याला. दुखत नाही, भोवळ येत नाही. फक्त त्या पोकळीत ती थांबून राहते. पुढचा ठोका येणार की नाही याची वाट पाहत. “येतो गं दर वेळी,” ती म्हणाली. “पण मला काही त्याची सवय झाली नाही.”

क्रेनवर चढण्यापूर्वी रोज सकाळी नर्स रक्तदाब आणि नाडी पाहते. जुनी नर्स राया पंधरा सेकंद नाडी मोजायची आणि चारने गुणायची. आपाने या पंधरा सेकंदांचा अभ्यास केला होता. आधी गार पाण्याने मनगटापर्यंत हात धुवायचे, एकदा खोकायचे, श्वास रोखायचा. ओळीने वीस ठोके सरळ पडले की हात पुढे करायचा. राया ‘ऐंशी’ लिहायची. ही युक्ती अठरा वर्षे चालली. फसवणूक होती, हे आपा नाकारत नाही. एवढेच सांगते की तेवढी एकच जागा तिला सोडायची नव्हती.

तिचे हे म्हणणे समजून घ्यायचे तर घर पाहावे लागते. बाविसाव्या वर्षी ती अकरा माणसांच्या घरात थोरली सून म्हणून आली आणि पहिल्याच संध्याकाळी समोवराजवळ, म्हणजे चहाचे पाणी उकळत ठेवायच्या बंबाजवळ, बसली. आमच्याकडे समोवराजवळ बसणारी बाई उठत नाही. प्याल्यात आधी दूध, मग किटलीतला काळाभोर अर्क, मग समोवरातले उकळते पाणी. आणि प्याला कधीच भरायचा नाही, तिसरा हिस्साच. काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे पाहुण्याला दार दाखवणे. तो रिकामा होतो, परत येतो, पुन्हा तिसरा हिस्सा. पुरे झाले की पाहुणा प्याला आडवा करून ठेवतो. ओतणारीने आपला प्याला शेवटच्या पाहुण्यापर्यंत उभा ठेवायचा आणि सोबत पीत राहायचे. तिने आधी आडवा केला, तर उरलेलेही उठतात. कोणाचा चहा किती दाट, हे तिने न विचारता लक्षात ठेवायचे. आपाच्या लक्षात साठ-सत्तर माणसांचा होता. तीस वर्षे हे केल्यावर ती जागा चाकरीची राहिली नव्हती. घरातले सगळे निर्णय त्या किटलीवरून जात. गेल्या शरदात मुलाचे, मेइरमानचे, लग्न झाले आणि सून इंजू घरात आली, तरी समोवर आपाकडेच राहिला. इंजूचा चहा फिका होतो, असे कारण दिले जाई. शेजारणी हसत.

आणि क्रेनच्या केबिनमध्ये समोवर नव्हता. तिथे संडासही नव्हता, म्हणून आपा वर काहीच पीत नसे. “वर मला कोणी हाक मारत नाही,” ती सांगायची. “मारली तरी ऐकू येत नाही.” वर ठोके जवळजवळ चुकतच नाहीत, असेही ती नेहमी म्हणे. डॉक्टर त्यावर मान हलवत. नोकरी टिकवायला माणूस काहीही सांगेल, असा तो मान हलवण्याचा अर्थ होता. खरे सांगायचे तर मीही तोच अर्थ काढला होता.

जानेवारी २०२३ मध्ये आपाला फ्लू झाला. आठवडाभर ताप, सर्दीच्या पुड्या गरम पाण्यात घालून पिणे, दाट चहा, झोप नाही. कामावर परतली त्या सकाळी राया सेवानिवृत्त झालेली होती आणि तिच्या जागी बसलेली मुलगी पूर्ण एक मिनिट नाडी मोजत होती. आपाचे वीस सरळ ठोके संपले तरी ती मनगट सोडेना. तिने अकरा पोकळ्या मोजल्या, वर पाहिले आणि पुन्हा एक मिनिट मोजले. या वेळी तेरा. त्याच दिवशी आपाला क्रेनवरून उतरवून गोदामाच्या टेबलाशी बसवले. वैद्यकीय मंडळापुढे हजर राहण्याची तारीख मिळाली ४ एप्रिल. सोबत हृदयतज्ज्ञाचा अहवाल आणावा. मंडळ नाही म्हणाले तर उंचीवरचे काम कायमचे बंद.

ते अडीच महिने घराने कसेबसे काढले. आपा गोदामात बसून गेटपास लिहायची आणि डाव्या हाताची बोटे मानेच्या शिरेवर ठेवायची. मोजायला लागली की चुकायचे, चुकले की अधिक मोजायची. घरी येऊन ती पडदे काढून धुवायची, वाळायच्या आत पुन्हा लावायची. खिडकीतून मालधक्का दिसतो. तिची पिवळी क्रेन दुसरा कोणी चालवत होता आणि तो कंटेनर कसे आदळवतो, हे ती जेवताना मोठ्याने सांगायची. झोल्दास आगा एकदा म्हणाले की बायबिशे, जमिनीवरची माणसंही जगतात. बायबिशे म्हणजे घरधनीण. ते लाडात असले किंवा घाबरलेले असले की तिला असे म्हणतात.  त्या रात्री आपाने उशिरापर्यंत किटली दोनदा जास्त भरली.

हृदयतज्ज्ञ डॉक्टर एल्विरा सेर्गेयेव्ना हेगाय ही आमच्याच शहरातली कोरियन बाई, साठीची, बोलण्यात काटकसरी. तिने हृदयाची चित्रे काढून पाहिली. झडपा चांगल्या, भिंती चांगल्या. रक्त तपासले, गळ्याच्या ग्रंथीचे काम ठीक, रक्तातले लोह ठीक, क्षार ठीक. मग चोवीस तास अंगावर बाळगायचे यंत्र लावायचे ठरले. यंत्रासाठी रांग होती. मिळालेला दिवस १८ मार्च, शनिवार. आणि नेमके त्याच दिवशी इंजूचे आईवडील पहिल्यांदा मुलीच्या सासरी जेवायला येणार होते. व्याह्यांना पुढे ढकलता येत नाही आणि यंत्र पुन्हा मार्चच्या अखेरीसच मिळणार होते. डॉक्टरने छातीवर पाच चकत्या चिकटवल्या, कमरेला डबी बांधली आणि एक कागद दिला. प्रत्येक तासाला काय केले, काय वाटले, ते लिहा. सगळे लिहा. आपाला लिहिण्याचा कंटाळा; नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आले.

त्या कागदाची प्रत मी जपून ठेवली आहे. अक्षर सुवाच्य आहे. ‘१०.१५, जिना चढल्या. १०.४०, बाउरसाक (पिठाचे गोळे) तळले, उभ्या होत्या. ११.३०, सुनेशी किरकोळ वाद (टेबलक्लॉथ). ११.५५, पाहुणे आले, मिठ्या. १२.०० ते १५.३०, पाहुण्यांसोबत बसल्या. फडफड: १२.३५, १२.५०, मग सलग. १६.००, मांस कापले. १७.२०, पाहुणे गेले. रडल्या (आनंदाने, असे त्यांचे म्हणणे).’ शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या जनगणना कारकुनांनी काय गाळले, ते शोधण्यात मी माझा दिवस घालवते. या कागदावर काय गाळले आहे, ते मला दिसले नाही.

निकाल असा आला. एकूण ठोके ९८,८७०. त्यांत वेळेआधी आलेले ६,४१२. जवळजवळ सगळे सुटेसुटे. ओळीने तीन कुठेच नाहीत. डॉक्टर हेगाय म्हणाल्या की हृदय धडधाकट आहे. असे ठोके असंख्य निरोगी माणसांना पडतात आणि त्यांना कळतही नाही. यांना कळतात, हा यांचा त्रास. उद्या शुद्ध हरपली, छातीत दुखले, दम लागला किंवा ठोके थांबून-थांबून न येता एकदम पळत सुटले, तर त्या क्षणी यायचे. एरवी यांच्यासोबत राहायला शिकायचे. आपाने हे ऐकले आणि तिचे खांदे एकोणीस वर्षांनी खाली आल्यासारखे मला वाटले. पण मग डॉक्टरने आकड्याखाली बोट ठेवले. ती म्हणाली, मी निर्धोक लिहीन, पण मंडळ हा आकडा पाहील. हे ठोके कशाने वाढतात ते सापडले आणि ४ एप्रिलपूर्वी दुसऱ्या तपासणीत कमी झालेले दिसले, तर बोलायला जागा राहील. आलेखात बारा ते चार या वेळात ठोक्यांचे रान माजले होते. तिने माझा कागद पुढे ओढला.

“बारा ते साडेतीन, ‘बसल्या’. बसून काय केलंत?”

“पाहुणे होते,” आपा म्हणाली.

“ताण होता?”

“व्याह्यांचा ताण कोणाला नसतो?”

डॉक्टरने ‘मानसिक ताण?’ असे लिहिले, प्रश्नचिन्हासह. डॉक्टर स्वतः चहा पीत होती. काचेच्या पेल्यात फिकट हिरवा, एकच, जो तपासणीच्या आरंभी होता तोच.

मला प्रश्नचिन्ह सोसत नाही. मेइरमानने त्या जेवणाचा फोनवर व्हिडिओ काढला होता, सात तुकड्यांत, मिळून बावन्न मिनिटांचा, आणि प्रत्येक तुकड्याला वेळ होती. आलेख आणि व्हिडिओ शेजारी ठेवून मी आपाच्या चेहऱ्यावर ताण शोधू लागले. कोणाच्या वाक्यावर ती आवंढा गिळते, विहीण काय बोलल्यावर ठोके वाढतात. दोन संध्याकाळी यात गेल्या. विहिणीच्या बोलण्याशी आलेख जुळेना. ती चांगली बाई आहे. तिसऱ्या संध्याकाळी इंजू मागे येऊन उभी राहिली आणि पडद्याकडे पाहत सहज म्हणाली की आपा पाहुण्यांपेक्षा जास्त पितात, नाही?

मी व्हिडिओ आरंभापासून लावला आणि आपाचा प्याला किती वेळा भरला, तेवढेच मोजले. बावन्न मिनिटांत अकरा. उरलेल्या अडीच तासांबद्दल पुरावा नाही आणि मी अंदाज सांगणार नाही. त्याआधी स्वयंपाकघरात आणि सकाळी उठल्यावर किती झाले, याचाही नाही. मी मोजपात्र आणून तिसरा हिस्सा किती तेही मोजले. पण अर्क किती दाट, हे कोणत्याही मापात बसेना, कारण ती दर वेळी हाताने ठरवते. रात्रंदिवस नोंदी सांभाळणाऱ्या माझ्या कागदावर चहा हा शब्द एकदाही नव्हता. कारण मीही त्याच सतरंजीवर बसले होते आणि माझा प्यालाही परत येत होता.

मी आपाला व्हिडिओ दाखवला. तिने तो शेवटपर्यंत पाहिला. आपण घरधनीण असावी तशी व्यवस्थित दिसत नाही, डोक्याचा रुमाल सरकला होता, हे तिला आधी दिसले, चहा नंतर.

“तू चहा का नाही लिहिलास?”

“चहा काय लिहायचा, आपा?”

“विचारलं असतं तर हेच मी अकरा डॉक्टरांना सांगितलं असतं,” ती म्हणाली. “पण त्यांनी कॉफी विचारली. मी आयुष्यात कॉफी पाहिली नाही.”

डॉक्टर हेगायना फोन केला. त्या स्वच्छ शब्दांत म्हणाल्या की यावर उड्या मारू नका. पुष्कळांना चहा-कॉफीने काहीच होत नाही आणि याबाबतचे पुरावे एकमेकांशी भांडतात. यांच्या बाबतीत झोपेचा तुटवडा आहे, भीती आहे, जानेवारीतल्या सर्दीच्या पुड्यांत नाक मोकळे करणारे जे औषध असते तेही ठोके वाढवते. पण करून पाहण्यात नुकसान नाही. एकदम तोडू नका, डोके फुटेल.

आपाला हळूहळू काही करता येत नाही. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी एक प्याला घेतला आणि प्याला आडवा केला. दुपारपर्यंत तिचे डोके असे चढले की तिने ओला रुमाल कपाळाला करकचून बांधला आणि कोणी दार वाजवले तरी दारावर ओरडली. पण डोकेदुखी खरी अडचण नव्हती. संध्याकाळी झोल्दास आगांचे दोन मित्र आले. आपा समोवराजवळ बसली, ओतू लागली, स्वतःचा प्याला रिकामाच आडवा ठेवून. दोघांनी एकेक प्याला घेतला, एकमेकांकडे पाहिले आणि आपापले प्याले आडवे केले. अर्ध्या तासात ते कोट घालून निघाले. आगा त्यांना दारापर्यंत पोहोचवून आले आणि मधेच उभे राहिले.

“बायबिशे, चहा सोडलास की माणसं सोडलीस?”

ती रात्रभर जागी होती, असे इंजू सांगते. सकाळी आपाने किटली घासली, दोनदा, आतून वाळूने, जे करायचे नसते. तीस वर्षांचा काळा लेप निघून गेला. मग ती इंजूला म्हणाली की आजपासून तू बस. इंजू नको म्हणाली. माझा चहा फिका होतो, असे तिने आपाचेच वाक्य परत केले, आणि त्यात थोडा राग होता. तो असायला हवा होता.

“फिकाच कर,” आपा म्हणाली. “मी खालच्या टोकाला बसेन, दाराकडे. तिथे बसणाऱ्याचा प्याला कोणी बघत नाही.”

त्या संध्याकाळी ती तीस वर्षांत पहिल्यांदा समोवराकडे तोंड करून बसली. इंजूच्या हाताकडे ती पाहत राहिली. दूध जास्त, अर्क उशिरा, पाणी सांडले. आगांनी घोट घेऊन विचारले की हा चहा आहे की सिरदर्याचे पाणी. आपाच्या ओठापर्यंत काहीतरी आले होते. ती म्हणाली, “प्या, म्हाताऱ्या. नदीही आता पूर्वीइतकी राहिली नाही.” इंजू हसली, आणि पुढचा प्याला दाट आला. आपाने तो नाकाजवळ नेला, वास घेतला आणि आगांकडे सरकवला. मग ती उठून अंगणात गेली आणि कारण नसताना बराच वेळ झाडत राहिली.

दुसरी तपासणी ३० मार्चला झाली. दिवसाला दोन प्याले, सर्दीच्या पुड्या बंद, दहाला अंथरूण. वेळेआधीचे ठोके २,९६०. निम्म्याहून कमी, पण शून्य नव्हे. घरात सगळ्यांनी चहाला दोषी ठरवून टाकले आणि शेजारणीने त्याच आठवड्यात आपल्या सासूचा चहा तोडला. मी तसे लिहू शकत नाही. डॉक्टरच सांगतात की हा आकडा काही न करताही दिवसागणिक खालीवर होतो. आपा त्या आठवड्यात जास्त झोपली होती. आणि हृदय धडधाकट आहे हे वाक्य तिने नुकतेच ऐकले होते, ज्याचे वजन किती, हे कोणत्याही यंत्राला मोजता येत नाही. दोन मोजमापांतून निष्कर्ष निघत नाही. आपाला मी हे समजावले. ती म्हणाली की निष्कर्ष तू काढत बस, मला फक्त वर चढायचंय.

मंडळ म्हणजे एका खोलीत तीन टेबले. ४ एप्रिलला मी सोबत गेले. अहवाल माझ्या पिशवीत होते. खोलीबाहेरच्या बेसिनवर आपा थांबली. नळ सोडला. गार पाण्याखाली मनगटे धरली, जशी अठरा वर्षे धरत होती, आणि मग नळ बंद करून हात न पुसताच आत गेली.

अध्यक्षस्थानी एक थकलेला डॉक्टर होता. त्याने अहवाल न उघडता छापील कागद पुढे घेतला. धूम्रपान. नाही. मद्य. नाही. कॉफी. त्याचे पेन ‘ना’ लिहायला वळलेही होते.

“चहा विचारा,” आपा म्हणाली.

त्याने वर पाहिले. चहाचा रकाना नाही, तो म्हणाला. आपाने सांगितले की मग समासात लिहा. आधी दिवसाला पंचवीस-तीस, कदाचित जास्त, आता दोन. आणि आधीची नाडी मी लपवत होते, तेही लिहा. टेबलाशी बसलेली दुसरी डॉक्टर लिहायची थांबली. अध्यक्षाने आपाचे मनगट हातात घेतले आणि घड्याळाकडे पाहू लागला.  आपाने श्वास रोखला नव्हता. तिची छाती सरळ वरखाली होत होती. साधारण अर्ध्या मिनिटाने त्याची भुवई हलली.

“हा एक गेला,” ती शांतपणे म्हणाली. “थांबा. पुढचा येतो.”

पुढचा आला, हे मला त्याच्या बोटांवरून कळले. त्याने पूर्ण मिनिट मोजले. मग दोन्ही अहवाल उघडले आणि पहिल्यांदा सगळे वाचले. लपवल्याबद्दल त्याने तिला बरेच ऐकवले, आणि ते योग्यच होते. परवानगी मिळाली सहा महिन्यांची. दर तीन महिन्यांनी यंत्र, रोज पूर्ण मिनिट नाडी, आणि भोवळ किंवा सलग धडधड आली तर त्याच क्षणी खाली. समासातली ओळ मी नंतर प्रतीत पाहिली. ‘चहा: रुग्णेच्या सांगण्यानुसार.’

सहा महिने म्हणजे ऑक्टोबर. आपा पुन्हा वर चढते आहे आणि घरात पुन्हा सगळे अस्वस्थ आहेत, कारण सहा महिने हा काळ नसून मुदत आहे. ती स्वतः आता कागद ठेवते. केबिनमध्ये, पाठीमागच्या खिळ्याला अडकवून. दर शुक्रवारी तो मला आणून देते. अक्षर मोठे आणि वाकडे आहे. गेल्या शुक्रवारचा माझ्यासमोर आहे.

‘सोमवार. चहा २. झोप ६ तास. वर: काही नाही. मंगळवार. चहा २ (दुसरा इंजूने दाट केला, मी बोलले नाही). वर: ११.१० ला एक. कंटेनर हवेत होता. हात हलला नाही. सावकाश खाली ठेवला. मग वाट पाहिली. बुधवार. चहा ४. नणंद आली होती. वर: काही नाही. हे कसं, ते तू सांग.’

 मी तो कागद डब्यात ठेवला, शिशाच्या तुकड्यांवर, आणि पुढच्या आठवड्याचा कोरा कागद आखायला घेतला. या वेळी चहाचा रकाना पहिला आहे.